डबल बेल कोण देणार?

एसटीचा ड्रायव्हर स्वतःच्या मर्जीनं गाडी हलवत नाही. कंडक्टर दोरी ओढतो, दोनदा घंटी वाजते, मग गाडी निघते. एकदाच वाजली तर थांबायचं. हे आपण लहानपणापासून इतकं पाहिलंय की त्यात काही शहाणपण आहे, हे लक्षातच येत नाही. ड्रायव्हरला समोरचा रस्ता दिसतो. दारात एक पाय पायरीवर आणि एक पाय जमिनीवर असलेली म्हातारी त्याला दिसत नाही. ती कंडक्टरला दिसते. म्हणून स्टिअरिंग एकाच्या हातात आणि ‘चला’ म्हणायचा अधिकार दुसऱ्याच्या हातात.

मला विमानांबद्दल लिहायचंय. पण उडणाऱ्या नाही, उभ्या विमानांबद्दल. विमान धावपट्टीवरून वळून आपल्या जागी येतं, थांबतं, माणसं उतरतात, सामान निघतं, इंधन भरतं, नवी माणसं चढतात आणि विमान पुन्हा निघतं. या तासाभरात विमानाच्या भोवती जी माणसं धावत असतात, त्यांचा इतिहास फारसा कोणी लिहित नाही. आपल्याकडे तर नाहीच, कारण वऱ्हाडात आत्ताआत्तापर्यंत विमान म्हणजे वर बघायची गोष्ट होती. मी अमरावतीचा. गच्चीवर झोपलो की रात्री लुकलुकत जाणारा दिवा दिसायचा आणि घरातलं कोणीतरी सांगायचं, मुंबई-नागपूर चाललंय.

१६ एप्रिल २०२५ला ते चित्र बदललं. मुंबईहून निघालेलं अलायन्स एअरचं एटीआर-७२ बेलोऱ्याच्या १८५० मीटरच्या धावपट्टीवर उतरलं आणि अमरावतीची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. पेपरात, मोबाईलवर सगळीकडे विमानाचे, पुढाऱ्यांचे, पाण्याच्या फवाऱ्यांचे फोटो आले. मी मात्र फोटोंच्या कडेला बघत होतो. पिवळं-केशरी जॅकेट घातलेला, कानांवर जाड आवरण चढवलेला माणूस शोधत होतो. कारण उभ्या विमानाचा कंडक्टर तोच असतो.

पंखा फिरवणारा माणूस

जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमान उडवलं आणि अहमदाबादमार्गे ते जुहूला उतरवलं, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. त्या काळच्या लहान विमानांचं इंजिन सुरू कसं करायचे, हे मात्र शाळेत सांगत नाहीत. बहुतेक वेळा कोणीतरी माणूस समोर उभा राहून लाकडी पंखा हातानं फिरवायचा. इंजिन एकदम पेटलं तर हात जाणार, किंवा जीवच.

म्हणून एक पद्धत पडली. खालचा माणूस ओरडून विचारायचा, स्विच बंद आहे का? वरचा पायलट ओरडून तेच परत म्हणायचा, बंद. खालचा पंखा योग्य जागी आणून ठेवायचा, मग ओरडायचा, ‘कॉन्टॅक्ट’. पायलट स्विच चालू करायचा आणि उलट ओरडायचा, ‘कॉन्टॅक्ट’. त्यानंतरच झटका. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं. ज्याचा जीव धोक्यात आहे, त्यानं आधी बोलायचं. विमानतळावरच्या जमिनीच्या सुरक्षेचा पाया या आरोळीत आहे, असं मला वाटतं.

पुढे इंजिनाला स्टार्टर आले, विमानं मोठी झाली. डाकोटा आलं. डाकोटाचं तिसरं चाक शेपटीखाली, त्यामुळे जमिनीवर उभं असताना त्याचं नाक आकाशाकडे. पायलटला समोर थेट काय आहे, हे दिसायचंच नाही. नागमोडी चालत, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून बघत तो विमान पुढे न्यायचा. आता अशी चार विमानं एका रात्री एकाच मैदानावर आणा. ही कल्पना नाही. आपल्यापासून दीडशे किलोमीटरवर, नागपूरला, १९४९पासून हेच घडत होतं. रफी अहमद किडवई दळणवळण मंत्री असताना रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून विमानं रात्री निघायची, नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं आपापल्या गावी परतायची. देशाच्या मध्यावर असल्याचा नागपूरला झालेला हा एक खरा फायदा.

या सेवेची आठवण निघते ती पायलटांच्या धाडसासाठी. त्यात चूक काही नाही. पण मध्यरात्री, गरगरणाऱ्या पंख्यांच्या मध्ये, थैल्या खांद्यावर टाकून या विमानाकडून त्या विमानाकडे जाणारे जे हमाल होते, त्यांचंही धाडस कमी नव्हतं. फिरणारा पंखा रात्री दिसत नाही. दिवसाही नीट दिसत नाही. तो हवेत विरघळून जातो. म्हणून पंख्यांच्या पात्यांच्या टोकांना आजही ठळक रंगाचे पट्टे मारतात. फिरताना त्यांचं एक वर्तुळ दिसावं आणि माणूस थबकावा, एवढ्यासाठी.

दोन काठ्यांची भाषा

७ डिसेंबर १९४४ला शिकागोत आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचा करार झाला. भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता, तरी त्या परिषदेत होता. या करारातून जी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली, तिनं नियमांची परिशिष्टं काढली. त्यातल्या दुसऱ्या परिशिष्टात हातांच्या खुणा आहेत. विमानाला जागेवर आणणाऱ्या माणसाला मार्शलर म्हणतात. त्याच्या हातात दिवसा रंगीत काठ्या किंवा बॅट असतात, रात्री पेटत्या कांड्या.

या खुणा बघण्यासारख्या आहेत. दोन्ही हात बाजूला आडवे पसरून हळूहळू डोक्यावर नेत कांड्यांची फुली केली, तर ‘थांबा’. तीच फुली झटक्यात केली, तर ‘ताबडतोब थांबा’. हात डोक्यावर सरळ धरून कांड्यांची टोकं एकमेकांना भिडवली, तर ‘चाकांना ठोकळे लावलेत’. पायलटनं पंजा चेहऱ्यासमोर आडवा धरून मूठ वळली, तर ‘ब्रेक लावलाय’. अमरावती असो, टोकियो असो, मार्शलरला जपानी येत नसेल आणि पायलटला मराठी, तरी या दोघांचं भागतं.

चाकाला ठोकळा म्हणजे काय, हे वऱ्हाडात समजावून सांगावं लागत नाही. उतारावर बंडी उभी केली की चाकामागे दगड लावायचा, हे शेतावरच्या प्रत्येक पोराला माहीत असतं. काही टनांच्या विमानालाही शेवटी तोच उपाय.

नियम अंतरांचेही आहेत. एटीआर-७२चा विस्तार पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २७ मीटर. या गटातलं विमान आपल्या जागी येता-जाताना शेजारच्या विमानापासून किंवा कोणत्याही वस्तूपासून किमान साडेचार मीटर दूर राहिलं पाहिजे. जमिनीवर पिवळी रेघ असते, पुढचं चाक तिच्यावर चालवायचं. थांबल्यावर पंखांच्या टोकांपाशी, इंजिनांपाशी, शेपटीपाशी शंकू ठेवायचे. पायलटला स्वतःच्या विमानाची चाकं दिसत नाहीत, पोट दिसत नाही, शेपूट दिसत नाही. बहुतेक प्रवासी जेटमध्ये इंजिनंही दिसत नाहीत. हे सगळं त्याच्या वतीनं बघणारा डोळा जमिनीवर असतो.

ओढून घेणारं इंजिन

१९६०मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आलं आणि भारतात जेटचा जमाना सुरू झाला. प्रवास निम्म्या वेळात होऊ लागला. जमिनीवर मात्र धोक्याची जातच बदलली.

पंख्याच्या विमानात धोका पंख्याच्या वर्तुळात असतो. तुम्ही त्यात शिरलात तर संपलात, बाहेर असाल तर वाचलात. जेटचं तसं नाही. ते समोरची हवा ओढतं, आणि हवेबरोबर टोपी, कागद, दगड, माणूस, काहीही. बोइंग ७३७सारख्या मध्यम विमानाचं इंजिन नुसतं सुरू असताना, म्हणजे अगदी कमी वेगावर, समोर सुमारे तीन मीटरचा घेर धोक्याचा असतो. जरा जोर वाढवला की तो चार मीटरच्या पुढे जातो. मागच्या बाजूला तर गरम झोत बराच लांबवर माणसाला पाडू शकतो. आणि या घेराची रेघ डोळ्यांना कुठंच दिसत नाही.

म्हणून इंजिनाच्या मधोमध असलेल्या टोपीवर पांढरी वेटोळी रंगवलेली असते. वेटोळं फिरताना दिसलं, तर इंजिन चालू आहे. म्हणून विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लाल दिवा लुकलुकत असतो. तो चालू असेपर्यंत जवळ जायचं नाही. कानांवर भरवसा ठेवता येत नाही; विमानतळावर एवढा आवाज असतो की शेजारच्या विमानाचं इंजिन कुठलं आणि आपल्या समोरचं कुठलं, हे कळत नाही. शिवाय कानांवर आवरण असतंच. ज्या आवरणानं बहिरेपण टळतं, त्याच आवरणानं सावधपण थोडं कमी होतं.

जेटबरोबर आणखी एक बदल झाला. जागा वाचावी म्हणून विमानं नाक इमारतीकडे करून उभी राहू लागली. आत शिरणं सोपं, पण परत निघायचं तर मागे ढकलावं लागतं. त्यासाठी ट्रॅक्टर आला, लोखंडी दांडा आला, आणि पुढच्या चाकाजवळ हेडसेट लावून विमानाबरोबर चालणारा माणूस आला. इंजिनं सुरू होत असताना विमानाच्या सगळ्यात जवळ असणारा माणूस तोच.

१६ डिसेंबर २०१५ची संध्याकाळ. मुंबई विमानतळ. हैदराबादला निघालेलं एअर इंडियाचं एअरबस ए-३१९ मागे ढकलून झालं होतं. माणसं आणि साधनं पूर्ण बाजूला झालेली नसताना विमान पुढे निघालं. ढकलण्याच्या कामावर असलेला एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला गेला आणि जागीच मरण पावला. विमानात बसलेल्या प्रवाशांना काय झालं, हे कळलंही नसेल.

टोकन कोणाच्या हातात?

ही बातमी वाचली तेव्हा मला विमान नाही, रेल्वे आठवली. अकोल्याच्या लोकांना मीटरगेज आठवत असेल. एकेरी लाइनवर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून देशभर टोकन वापरायचे. दोन स्टेशनांमधल्या यंत्रातून एका वेळी एकच लोखंडी गोळा बाहेर निघायचा. तो चामडी पिशवीत घालून मोठ्या कड्याला अडकवून ड्रायव्हरच्या हातात द्यायचे. गोळा हातात नाही, तर गाडी हलायची नाही. ड्रायव्हरला काय वाटतं, स्टेशन मास्तर काय समजला, याला अर्थच नाही. वस्तू हातात आहे की नाही, एवढाच प्रश्न.

विमानातही असं एक टोकन आहे, आणि मला ते फार आवडतं. मागे ढकलताना विमानाचं पुढचं चाक ट्रॅक्टरच्या दिशेनं मोकळं वळावं लागतं, म्हणून तिथं एक पिन घालतात. पिनला लांब लाल फीत असते. ढकलून झालं की हेडसेटवाला ती पिन काढतो, बाजूला जातो, पायलटला दिसेल अशा जागी उभा राहतो आणि लाल फीत हात वर करून दाखवतो. ही बघ पिन, ही बघ मी, आम्ही सगळे बाहेर आलो. पायलटनं ती पाहिली, उलट इशारा दिला, की मगच निघायचं. ‘कॉन्टॅक्ट’च्या आरोळीचं हे आजचं रूप. फरक एवढाच की रेल्वेचं टोकन मिळाल्याशिवाय पुढचा सिग्नल आणि पुढचं स्टेशन अडवायचं. विमानाची पिन पाहिली नाही तरी विमान चालतं. ती पाहायची की नाही, हे माणसाच्या शिस्तीवर सोडलेलं आहे.

शिस्त कुठं सुटते, याचं उदाहरण श्रीमंत देशातही सापडतं. ३१ डिसेंबर २०२२ला अमेरिकेत, अलाबामातल्या मॉन्टगोमरी विमानतळावर एक छोटं जेट गेटला लागलं. या विमानातलं, जमिनीवर वीज पुरवणारं लहान इंजिन बिघडलेलं होतं. त्यामुळे बाहेरून विजेची जोडणी होईपर्यंत एक मुख्य इंजिन चालूच ठेवावं लागणार होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. विमान येण्याआधी जमिनीवरच्या लोकांना दोनदा एकत्र बोलावून बजावलं होतं: इंजिन बंद होऊन लाल दिवा मालवेपर्यंत जवळ जायचं नाही, शंकूही ठेवायचे नाहीत. तरीही एक कर्मचारी हातात शंकू घेऊन मागच्या बाजूनं इंजिनासमोर आली आणि ओढली गेली. पुढे तिच्या कंपनीला १५,६२५ डॉलर दंड झाला. कायद्यानं जास्तीत जास्त तेवढाच करता येत होता.

रोज शंभरदा केलेलं काम हातांना पाठ असतं. विमान थांबलं की शंकू उचलायचा, चालायला लागायचं. आज इंजिन चालू आहे, हा अपवाद डोक्याला माहीत असतो, पायांना नसतो. नुसतं बजावून भागत नाही ते यासाठी. एसटीत घंटी हवी, रेल्वेत गोळा हवा, विमानाला पिन हवी. कानावर पडलेली सूचना गर्दीत हरवते.

रांगेत उभी असलेली आपली पोरं

बेलोऱ्याला येणाऱ्या एटीआरबद्दल एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी बघाल. या विमानात जमिनीवर वीज पुरवणारं वेगळं लहान इंजिन नसतंच. त्याऐवजी उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावतात, पंखा थांबतो, पण आतलं इंजिन चालू राहून वीज आणि हवा पुरवतं. त्याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. प्रवासी चढतात ते डाव्या बाजूला, मागच्या दारातून. म्हणून पंखा स्थिर आणि तरी आवाज चालू, असं दिसलं तर चकित होऊ नका. आणि रेघेच्या आतून चाला, सेल्फीसाठी पंख्याकडे वळू नका. तिथं उभा असलेला माणूस ओरडतो ते उगाच नाही.

तो माणूस कोण? १६ जुलै २०२४ला मुंबईत कलिन्याजवळ विमानतळावरच्या लोडर वगैरे कामांसाठी थेट मुलाखती होत्या. हजारो तरुण आले, चेंगराचेंगरीची वेळ आली, व्हिडिओ देशभर फिरले. महिना वीस-पंचवीस हजारांच्या कामासाठी चारशे किलोमीटरवरून, बुलढाणा जिल्ह्यातूनही मुलगा आल्याचं तेव्हा बातम्यांत छापून आलं. बुलढाणा म्हणजे आपलंच वऱ्हाड. आपल्याकडची मुलं विमानतळावर जाणार, ती बहुतेक करून विमानाच्या आत नाही, खाली जाणार. थैल्या चढवायला, शंकू लावायला, ठोकळे लावायला. बेलोरा वाढेल, अकोल्याच्या शिवणीची महायुद्धाच्या काळातली धावपट्टी इतकी वर्षं मोठी होण्याची वाट बघते आहे, तीही कधीतरी होईल. तेव्हा ही कामं आणखी जवळ येतील.

मुंबईच्या मोठ्या टर्मिनलवर आता भिंतीवरचा फलक पायलटला सांगतो, किती मीटर उरले, डावीकडे घे, थांब. मार्शलरचं काम यंत्र करतं. पण फलक इंजिनाच्या समोर आलेल्या माणसाला मागे खेचत नाही. ठोकळे लावायला, पिन काढायला माणूसच वाकतो.

अनेक ठिकाणी नियम असा आहे की धोका दिसला तर जमिनीवरच्या कोणीही ‘थांबा’ची खूण करावी, आणि ती पाळलीच जावी. कागदावर हे सोपं आहे. कंत्राटावर लागलेला, नोकरीचा तिसरा महिना असलेला, विमान उशिरा सुटलं तर कोणावर खापर फुटेल हे बघत असलेला बावीस वर्षांचा मुलगा कप्तानासमोर हात वर करून फुली करेल का? एसटीचा कंडक्टर करतो. कारण घंटीची दोरी त्याच्या हातात आहे, हे ड्रायव्हरला मान्य आहे, आगाराला मान्य आहे, आणि खोळंबलेल्या प्रवाशांनाही मान्य आहे. एकदा घंटी वाजली म्हणून ड्रायव्हर त्याच्यावर खेकसत नाही.

विमानतळाच्या नोकरीचा फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारायला सांगेन. पगार विचारा, पाळी विचारा, आणि हेही विचारा: मी ‘थांबा’ म्हटलं, विमान थांबलं, आणि मागाहून कळलं की धोका काहीच नव्हता, तर माझी नोकरी राहील का? याचं उत्तर ठाम ‘हो’ असेल, तिथं काम करा.